कोपरा फाडलेलं कार्ड

मुलींचे वसतिगृह, पुणे
३ मार्च १९३४

ती. अण्णांना पद्मजाचा साष्टांग नमस्कार.

आधी बातमी सांगते, खुशाली मागून. अण्णा, माझी निवड झाली! विलायतेतल्या एका विद्यापीठात आपल्याकडच्या कॉलेजांतल्या मुलांसाठी उन्हाळी वर्ग भरणार आहे, असं मी संक्रांतीच्या सुमारास लिहिलं होतं, आठवतं? आमच्या वनस्पतिशास्त्राला त्यात एकच जागा होती. आज बोर्डावर कागद लागला आणि त्यावर माझं नाव आहे. माझ्या खाली एकनाथ नावाचा मुलगा आहे. मी गेले नाही तर तो जाणार, म्हणून बिचारा सकाळपासून माझ्या प्रकृतीची चौकशी करतो आहे.

एप्रिलमध्ये मुंबईहून बोट, मे-जून वर्ग, पावसाळ्यात परत. आमचे प्रो. मल्लिकार्जुन बरोबर आहेत आणि त्यांच्या पत्नी शिवबाईसुद्धा. तेव्हा 'मुलीची जात, एकटी कशी धाडता' असं पेठेत कुणी विचारलंच तर उत्तर तयार आहे. विषय पिकांचे रोग. लहानपणी आत्याबरोबर मी केमला तिच्या दिरांकडे गेले होते ना, तेव्हा ज्वारीचं कणीस चोळलं तर दाण्याऐवजी काळी भुकटी निघाली होती. काणी पडली म्हणाले, आणि देवाला नारळ बोलले. ती भुकटी मला नीट बघायची आहे. आमच्याकडे चांगला सूक्ष्मदर्शक एकच, त्याच्यापुढे मुलांची रांग, माझी पाळी येईपर्यंत तास संपतो. तिथे प्रत्येकाला वेगळा देतात म्हणे.

पालकाचं संमतिपत्र लागतं. त्याची मला धाकधूक नाही. ज्यांनी आपल्या विधवा बहिणीला स्वतः पाटीवर अक्षरं गिरवायला लावली, जे दर भाऊबीजेला दार सताड उघडं ठेवून सगळ्या पेठेदेखत तिच्याकडून ओवाळून घेतात, त्यांच्याकडे मी फक्त सही मागते आहे.

आत्याचा ताप उतरला का? तिला सांगा, कुरडयांचा डबा तयार ठेव, बोटीवर न्यायचा आहे.

तुमची
पद्मजा


शुक्रवार पेठ, सोलापूर
९ मार्च १९३४

चि. पद्मजास अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र शाळेच्या पत्त्यावर आले ते बरे झाले. मधल्या सुट्टीत सर्व शिक्षकांसमक्ष मोठ्याने वाचून दाखविले. ड्रॉइंग मास्तरांनी पेढे मागितले, मी आणविले. परवा वाचनालयात स्त्रीशिक्षणावर माझे व्याख्यान होते. त्यात नाव न घेता तुझा उल्लेख केला आणि पुष्कळ वेळ टाळ्या झाल्या. हेडमास्तराची मुलगी समुद्रापलीकडे शिकावयास जाते, ही गोष्ट या शहरात लहान नव्हे.

संमतिपत्र सोबत जोडले आहे. सही शाईने केली असून शाळेचा शिक्काही मारला आहे. शिक्क्याची जरुरी नव्हती, पण असलेला बरा.

एक गोष्ट कानावर घालतो. आमच्या शाळेच्या मंडळाच्या अध्यक्षांचे पुतणे बार्शीस वकिली करतात. त्यांच्याकडून तुझ्याविषयी विचारणा झाली आहे. स्थळ नाकारण्यासारखे नाही. विलायतेस जाऊन आलेली मुलगी त्यांना चालेल की नाही, याविषयी अध्यक्षसाहेब काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. तू परत आल्यावर पाहू. आत्ता तुझ्या डोक्यात हे नको.

अक्काचा ताप चढउतार करतो आहे. वैद्यांचा काढा चालू आहे. काळजी नसावी.

तुझा
अण्णा


पुणे
२४ एप्रिल १९३४

अण्णा,

साष्टांग नमस्कार या खेपेस लिहीत नाही. वाटत नसलेलं लिहायची मला सवय नाही.

बोट शनिवारी सुटली. माझ्या जागेवर एकनाथ गेला.

तुम्ही काय केलंत ते तुम्हाला ठाऊक आहे. पण ते माझ्यावर कसं गुदरलं ते ठाऊक नाही, म्हणून सांगते. आणि तुम्हाला ते शेवटपर्यंत ऐकावं लागेल, कारण पत्र वाचताना मध्ये बोलता येत नाही.

बुधवारी सकाळी मी ट्रंकेत कपडे भरत होते. वसतिगृहाच्या बाई खोलीत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी दोन बोटांत धरून कार्ड पुढे केलं. वरचा कोपरा फाडलेला, कुणी गेल्याचं कळवताना फाडतात तसा. अण्णा, तसं कार्ड दिसलं की माणूस अक्षरं वाचत नाही, आधी आपल्या घरची माणसं आठवतो. अक्षर तुमचं, म्हणजे तुम्ही नव्हेत. मग आपल्या घरात उरलं कोण? आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. तापानं पडलेली आत्याच उरली. मजकूर होता, 'ताबडतोब निघून ये. बाकी भेटीअंती.' मी ते कार्ड तिथल्या तिथे फाडून टाकलं, तसलं कार्ड ठेवत नाहीत म्हणून. कपाळ पुसलं आणि अंगणातल्या नळाखाली नेसत्या पातळानिशी बसले.

शिवबाई धावत आल्या. म्हणाल्या, "जा, भेटून ये. बोटीला अजून अवकाश हाय. सुतकात आलीस तरी मी घेऊन जाते की तुला, आमच्यात सुतक पाळत न्हाईत." त्या भरवशावर मी गाडीत बसले.

केमला एक कुंकू विकणारी बाई डब्यात चढली. "घ्या की ताई, केमचं हाय, लई लाल." मग माझं कपाळ बघून तिनं टोपलीवर फडकं टाकलं. "कोन गेलं वं?" मी म्हटलं, आत्या. तिनं मला वाढवली. ती बाई कुर्डुवाडीपर्यंत माझा हात धरून बसली, डब्यात एक चिमूट कुंकू विकलं नाही. तुमच्या लबाडीपायी तिचा दिवस बुडाला.

घरी पोचले तर आत्या बाजेवर कुरडया घालत होती. ठणठणीत. "अगं, तू? आणि कपाळ का मोकळं?" म्हणाली. मी तिच्या पायांशी बसले. मला आधी हसू फुटलं आणि मग रडू आवरेना. तुम्ही आतून येऊन म्हणालात, "प्रवासानं दमली आहे."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षसाहेब, ते बार्शीचे वकील आणि त्यांच्या मातोश्री येऊन बैठकीत बसली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणून मी ओल्या केसांनी बाहेर आले आणि म्हणाले, "सरबत घेऊ नका. या घरात सुतक आहे. मला काल कोपरा फाडलेलं कार्ड आलं. कोण गेलं ते अण्णा सांगतील." त्या मातोश्रींनी पेला असा ठेवला की अर्धं सरबत सतरंजीवर सांडलं. तिघंही चपला हातात घेऊन बाहेर पडली. त्याची मला लाज वाटत नाही, वाटणारही नाही.

टांगा बोलवायला निघाले तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत, प्राचार्यांना तार गेली आहे, संमती काढून घेतली आहे.

तुम्हाला नाही म्हणायचं होतं तर म्हणायचं होतं! मी भांडले असते, उपास केले असते, आणि कदाचित गप्प बसले असते. पण नाही म्हणायला तुम्हाला तोंड नव्हतं. वाचनालयात टाळ्या घेऊन झाल्या होत्या, पेढे वाटून झाले होते. मग अध्यक्षांना काय सांगणार आणि लोकांना काय दाखवणार? त्यापेक्षा आत्याला मारणं सोपं पडलं. जिनं मला वाढवलं तिला, अण्णा! तुमच्या सख्ख्या बहिणीला!

सुट्टीत मी घरी येणार नाही. शिवबाईंच्या मोकळ्या घरात त्यांच्या सासूबाईंच्या सोबतीला राहते आहे.

पद्मजा


सोलापूर
२९ एप्रिल १९३४

चि. पद्मजास आशीर्वाद. तू नमस्कार लिहिला नाहीस, तरी बापाने आशीर्वाद रोखू नये.

तुझ्या पत्रातील भाषा मी कोणत्याही विद्यार्थ्याची खपवून घेतली नसती. तू माझी मुलगी म्हणून उत्तर लिहितो.

मी त्या कार्डात एकही असत्य अक्षर लिहिलेले नाही. 'ताबडतोब निघून ये' यात खोटे काय? तू यावेस असे मला वाटत होते, आणि बाकी मजकूर भेटीअंती सांगायचा होता. अमुक वारले असे मी लिहिले का? राहिला कोपरा. तो टपालात फाटला असेल. टपालाच्या पोत्यांत कार्डांची काय दशा होते ते सर्वांना माहीत आहे. तुझ्यापाशी ते कार्ड असेल तर दाखव, म्हणजे हाताने फाडला की आपोआप फाटला याचा निर्णय करता येईल. नसेल तर बापावर असा आरोप करू नये. शास्त्र शिकतेस ना?

उलट तू काय केलेस ते पाहा. ज्यांच्या शब्दावर माझी नोकरी आहे, त्यांना भरल्या घरातून चपला हातात घेऊन जावे लागले. अध्यक्षसाहेब तेव्हापासून माझ्याशी शाळेच्या शिपायामार्फत बोलतात. एप्रिलात त्यांनी मला स्पष्ट सांगितले होते की मुलगी बोटीत बसली की विषय संपला. आईवेगळ्या मुलीचे चांगले स्थळ डोळ्यांदेखत घालवू? माझ्यामागे तुला कोण पाहणार होते? विलायतेतील बुरशी?

अक्काही या स्थळाला अनुकूल होती, एवढे सांगून ठेवतो. सगळा दोष मलाच देऊ नकोस.

अण्णा


पुणे
३ मे १९३४

ती. आत्यास पद्मीचा नमस्कार.

तुला एकच विचारायचं आहे आणि तू मला खोटं सांगणार नाहीस. अण्णा लिहितात, तू त्या स्थळाला अनुकूल होतीस. तुला त्या कार्डाचं ठाऊक होतं का? तू बाजेवर कुरडया घालत होतीस ती मी येणार हे माहीत असून का? माझं कपाळ बघून तू विचारलंस ते खरं की सोंग?

माझ्या डोक्यात आता काहीही येतं. ज्या घरात जिवंत माणसाचं सुतक पाठवतात, तिथल्या कशावर विश्वास ठेवू? ठाऊक असेल तर 'होय' एवढंच लिही. मी तुलाही पत्र पाठवायचं बंद करीन.

पद्मी


सोलापूर
१० मे १९३४

चि. पद्मीस कै. गोदावरीचा आशीर्वाद.

हो, कैलासवासीच. पुढे वाच म्हणजे कळेल. माझं अक्षर वाकडं आहे आणि आज रागात लिहिते आहे, तेव्हा सांभाळून घे.

आधी तुझं. मुली, मला असं विचारायला तुझी जीभ कशी रेटली? मी तुला सोंगं करून वाढवली का? स्थळ चांगलं आहे असं मी म्हणाले होते, होय. पण मी म्हणाले होते, पोर विलायतेहून येऊ दे, तोवर वकील काही म्हातारा होत नाही. एवढं अर्धं वाक्य तुझ्या बापानं तुला लिहिलं, अर्धं गिळलं. तू येणार हे मला ठाऊक नव्हतं. कुरडया तुझ्याच डब्यासाठी घालत होते, कुणाबरोबर तरी पुण्याला धाडणार होते. असं पुन्हा विचारलंस तर कान उपटीन.

आता त्याचं. तू गेलीस त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "यज्ञू, कोपरा तू फाडलास?" तो म्हणाला, "अक्का, तिच्या भल्यासाठी. आणि तुला कुठं काय झालंय?"

मला कुठं काय झालंय! पद्मी, मी चौदाव्या वर्षी कुंकू पुसलं तेव्हापासून सगळे मला अर्धी मेलेलीच धरतात. लग्नाकार्यात मागे उभी, हळदीकुंकवात आत बसलेली. हा एक भाऊ होता जो मला जित्या माणसात मोजत होता. पाटी आणली, पेन्सिल हातात दिली, भाऊबीजेला पाटावर बसला. आणि गरज पडली तेव्हा त्यालाही मीच मरायला सोयीची वाटले! मी म्हटलं, ठीक आहे. पोरीनं माझ्या नावानं आंघोळ केली आहे, ती वाया कशाला घालवायची?

तेव्हापासून मी मेलेली आहे. मेलेली माणसं भाकरी थापत नाहीत, कुणाचं धोतर वाळत घालत नाहीत, 'वाढू का' असं विचारत नाहीत. मी मागच्या खोलीत आपल्यापुरता पिठलंभात करते आणि पोथी वाचते. तो काही बोलला तर उत्तर देत नाही. पहिले दिवस तो हसला. मग ओरडला. आता भवानी पेठेतल्या खानावळीत जेवतो. तिथं मिलचे कामगार असतात, त्याच्या शाळेतल्या पोरांचे बाप. सगळे त्याला विचारतात, "मास्तर, घरी कोन न्हाई व्हय?"

बजाबाई भांडी घासायला आली तर दारातच थांबली. म्हणाली, "आत्याबाई, तुमी मेलाव म्हनं? मग म्या ह्यो पगार कुनाकडनं घ्यायचा?" मी म्हटलं, मास्तरांकडनं घे आणि पातेली माझ्याकडं दे. तिला सगळं सांगितलं. ती मोरीत बसून इतकी हसली की शेजारीण विचारायला आली. तिलाही सांगितलं. आता पेठेत ठाऊक नाही असं कुणी नाही.

मी उठेन कधी ते तुझ्या बापाला लिहून दिलं आहे. पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी तो सही करील त्या दिवशी. तू अभ्यास कर. पहिला नंबर सोडलास तर माझं मरण फुकट जाईल.

तुझी
कै. आत्या


सोलापूर
१२ नोव्हेंबर १९३४

चि. पद्मजास आशीर्वाद.

सोबत संमतिपत्र आहे. तुझी पुन्हा निवड झाल्यास उपयोगी पडेल. प्राचार्यांना वेगळे पत्र लिहून ते कोणत्याही तारेने रद्द समजू नये असे कळविले आहे. तुझ्या आत्याने तसे वाक्य घालावयास लावले.

तिच्या हट्टाविषयी तू ऐकलेच असेल. मी सहा-सात महिने खानावळीत काढले, त्याचे काही नाही. लोक हसले, त्याचेही नाही. परंतु भाऊबीजेस मी नेहमीप्रमाणे दार उघडून पाटावर बसलो. शेजारपाजारची मंडळी जमली होती. अक्का आली नाही. मी हाक मारली तेव्हा आतून म्हणाली, "मेलेली बहीण ओवाळत नाही." मंडळी एकेक करून निघून गेली. मी बराच वेळ पाटावर बसून होतो. नंतर उठून कागद घेतला.

तिने सही पाहिली, शाई वाळू दिली आणि मग निरांजन लावले. स्वयंपाकही केला. मीठ जास्त होते, तरी सर्व जेवलो.

कार्डाच्या कोपऱ्याविषयी माझे म्हणणे पूर्वीचेच आहे.

अण्णा


सोलापूर
२८ मे १९३५
(विमानाच्या टपालाने)

पद्मजा,

तू सूड घेतलास. पोटभर घेतलास. आता समाधान झाले असेल.

तू विलायतेस जावेस म्हणून मी अध्यक्षांची मर्जी घालविली, पुढील वर्षी हेडमास्तर राहीन की नाही याचा भरवसा नाही. बंदरावर तुला निरोप द्यावयास स्वतः आलो. तू माझ्याशी बेताचेच बोललीस, तेही सोसले. आणि काल तुझे पहिले कार्ड आले ते कोपरा फाडून! वर्ष झाले तरी मनात धरून ठेवलेस, जहाजातून तेवढेच बरोबर नेलेस. जन्मदात्या बापाला परक्या मुलखातून तसले कार्ड पाठविताना तुझा हात थरथरला नाही? त्या क्षणी माझे काय झाले ते मी लिहिणार नाही. वैऱ्यावरही तशी वेळ येऊ नये. असा खेळ मृत्यूशी कोणी खेळत नाही.

उत्तर पाठविलेस तर माफीचे पाठव.

अण्णा

खाली थोडी जागा आहे म्हणून मी आत्या लिहिते. तो लिहिणार नाही ते मी लिहिते. टपालवाला गुरप्पा आत आला नाही. अंगणातून म्हणाला, "मास्तर, जरा भायेर या की. कार्ड हाय." तुझ्या बापानं तो कोपरा पाहिला आणि पायरीवर मटकन खाली बसला. कार्ड हातात घेईना. मला म्हणाला, "अक्का, पाणी काढ आंघोळीला." मी चुलीपुढून उठून, हात पुसत बाहेर आले, कार्ड ओढून घेतलं. वाचलं, 'सुखरूप पोचले. आज ज्वारीची काणी भिंगाखाली पाहिली.' मी त्याला म्हटलं, मेल्या, हे पोरीचंच अक्षर आहे, ती आपलं मेलेलं आपण कसं कळवील? त्याला तेवढंही सुचलं नव्हतं. आता तू खरं काय ते लिही. तू फाडलास का?


इंग्लंड
६ जून १९३५
(विमानाच्या टपालानं)

ती. अण्णांना साष्टांग नमस्कार. या खेपेस लिहिते, कारण तुम्ही पायरीवर बसलात असं आत्यानं लिहिलं आहे.

कोपरा मी फाडला नाही. राजाच्या कारकिर्दीला पंचवीस वर्षं झाली म्हणून इथे गेल्या महिन्यात नवी तिकिटं निघाली, मोठी, आडवी, चित्राची. तुमच्या शाळेतल्या मुलांना दाखवायला होईल म्हणून मी मुद्दाम पोस्टात जाऊन त्यातलं एक आणलं आणि कार्डाच्या वरच्या कोपऱ्यावर लावलं. वाटेत कुणाला तरी ते हवंसं वाटलं आणि त्यानं ते कोपऱ्यासकट उपटून घेतलं. म्हणजे तो टपालातच फाटला, अण्णा. तुमचा विश्वास बसणार नाही. मागच्या वर्षी तुम्ही हेच वाक्य लिहिलंत तेव्हा माझाही बसला नव्हता. फरक एवढाच की मी खरं लिहिते आहे.

त्यामुळे माफी मागत नाही. मागायची असती तर आत्याची मागितली असती, तिला चुलीपुढून उठावं लागलं.

तुम्ही लिहिता, मृत्यूशी असा खेळ कोणी खेळत नाही. हे मला तुम्ही शिकवता? वर्षभर मी वाट बघितली की तुम्ही एका ओळीत लिहाल, 'होय, मी फाडला.' भाऊबीजेनंतरही तुम्ही लिहिलंत, म्हणणं पूर्वीचंच आहे. सही दिलीत, पैसे दिलेत, बंदरापर्यंत आलात, अध्यक्षांशी वाकडं घेतलंत, हे सगळं मी जाणते आणि त्याबद्दल तुमच्या पाया पडते. पण ती ओळ काही तुमच्या हातून सुटली नाही. त्याचा मला इतका संताप येतो की इथे, इतक्या लांब, स्वतःचा सूक्ष्मदर्शक पुढे असतानाही मध्येच हात थांबतो.

काणी मी पाहिली. काळी भुकटी म्हणजे बुरशीचा एकेक गोल दाणा असतो, त्याला कवच असतं. तो बियाण्याला चिकटून घरात शिरतो, पेरला की रोपाबरोबर आतल्या आत वाढतो, आणि कणीस येईपर्यंत वरून कुणाला काही दिसत नाही. बी पेरण्याआधी औषधात घोळलं तर तो मरतो. नारळ लागत नाही. आल्यावर केमला जाऊन आत्याच्या दिरांना दाखवणार आहे.

त्या क्षणी तुमचं काय झालं ते तुम्ही लिहिणार नाही म्हणता. नका लिहू, मला ठाऊक आहे. पण तो क्षण केवढा होता, अण्णा? आत्या चुलीपुढून उठून, हात पुसत बाहेर येईपर्यंतचा. माझी आत्या दौंडला मेलेली होती, भिगवणला मेलेली होती, जेऊरला, केमला, कुर्डुवाडीला, माढ्याला, मोहोळला मेलेली होती. कार्ड ओढून घ्यायला त्या डब्यात कुणी नव्हतं. सगळी स्टेशनं मी तुमच्या त्या पायरीवर बसून काढली.

जुलैअखेर आमची बोट मुंबईला लागते. तिथून सगळे पुण्याला जाणार आणि मग मी घरी येईन. मला घ्यायला यायचं असेल तर सोलापूरच्या फलाटावर हार घेऊन उभे राहू नका. पुण्याला या आणि माझ्याबरोबर त्या गाडीत बसा. वाटेत मी काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. केमला ती कुंकवाची बाई डब्यात चढली तर ती मला ओळखेल. विचारेल, आत्याचं सगळं नीट पार पडलं का म्हणून.

तिला उत्तर तुम्ही द्यायचं.

पद्मजा